पहिला हात कुठे लागला

कोल्बर्न फोर्ज, ओहायो
३ ऑक्टोबर १९९४

प्रिय पॉला,

तुझं ईस्टरचं पत्र अजून फ्रिजच्या दारावर लावलेलं आहे आणि उत्तर मी ऑक्टोबरात लिहितो आहे. रागावू नकोस. लिहायला बसलो की वाटायचं, शेगडी चालू राहिली असेल. बघून आलो की पेन सापडायचं नाही. शिवाय नववीतून शाळा सोडून कारखान्यात गेलेल्या मामाने गणित शिकलेल्या भाचीला पत्र लिहायचं म्हणजे प्रत्येक ओळ दोनदा वाचून बघावी लागते. पण आज काम आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.

तुला माहीत आहेच, गेली एकतीस वर्षं शाळेच्या फुटबॉल सामन्यांची नोंद मी ठेवतो. मैदानावरच्या लाकडी माडीत, माईकवाल्याच्या शेजारी माझी खुर्ची असते. कुणी किती यार्ड नेले हे सगळेच लिहितात. मी आणखी एक बारीक खूण करतो. चेंडू हातात धरून पळणाऱ्याला समोरच्यांचा पहिला हात कुठे लागला, ती. मी स्वतः पुढच्या फळीत खेळायचो. आम्ही वाट मोकळी करायचो आणि टाळ्या पळणाऱ्याला मिळायच्या. पहिला हात लागेपर्यंतचे यार्ड फळीचे, त्यापुढचे पळणाऱ्याचे, असा माझा हिशोब.

यंदा चेंडू घेऊन पळणारे दोघे आहेत. कॉर्नेल बिव्हन्स हा शेवटच्या वर्षाचा, जाडजूड, कमी बोलणारा. दुसरा ट्रेव्हर लॅन्ट्झ, वाऱ्यासारखा. गेल्या शुक्रवारी, सहाव्या सामन्यात, कोच पेलुसीने कॉर्नेलला बाकावर बसवलं. का, तर रविवारच्या पेपरात सरासरी छापून आली. लॅन्ट्झ प्रत्येक धावेला ७.८ यार्ड, बिव्हन्स ३.९. न्हाव्याकडे, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर सगळीकडे हेच दोन आकडे.

पॉला, हे खोटं आहे. कसं खोटं आहे ते मला सांगता येत नाही, पण सहा सामने मी बघितलेत. कॉर्नेलची आई लॉरेटा हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम करते. पोराला कॉलेजात जायचं तर फुटबॉलवर मिळणाऱ्या फुकट जागेवरच. बाकावर बसलेल्या पोराला जागा कोण देणार? तू कॉलेजच्या संघासाठी हेच आकडे मांडतेस. हे कसं दाखवायचं ते मला शिकव. कितीही वेळ लागला तरी मी करीन.

तुझा,
एमिलमामा


६ ऑक्टोबर १९९४

एमिलमामा,

सहा महिन्यांनी पत्र आलं आणि त्यात माझी चौकशी एका ओळीचीही नाही. बरी आहे मी, विचारलंस म्हणून सांगते.

ते आकडे खोटे नाहीत, फक्त सरासरी चुकीचा प्रश्न विचारते. एखाद्याने एकदा ऐंशी यार्ड पळून नऊ वेळा तिथल्या तिथे लोळण घेतली तरी सरासरी आठ येते. पण त्या नऊ वेळा संघाचं काय झालं? चार प्रयत्नांत दहा यार्ड गेले नाहीत तर चेंडू समोरच्याला द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक धावेला विचारायचं, जेवढी गरज होती तेवढं काम झालं का?

पद्धत अशी. पहिल्या प्रयत्नात, दहा हवे असतील तर चार मिळाले की धाव कामाची. दुसऱ्या प्रयत्नात, उरलेल्यातले दहातले सहा वाटे मिळाले पाहिजेत. तिसऱ्या आणि चौथ्यात, उरलेले सगळे. एक इंच कमी पडला तरी ती धाव वाया. मग शंभरातल्या किती कामाच्या, ते काढ. गणित चौथीचं आहे. तू नववीपर्यंत गेलास, म्हणजे पाच वर्षं जादा.

आमच्या कोचना अगदी असाच एक मुलगा हवा आहे, दोन यार्ड हवे असताना दोन काढणारा. त्यांना गोष्टी सांगितलेल्या आवडत नाहीत, कागद मात्र ते वाचतात. नव्या मुलांची यादी १० नोव्हेंबरला बंद होते. नोंदींच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स पाठव. तुझ्या त्या खुणाही.

पॉला


११ ऑक्टोबर १९९४

प्रिय पॉला,

तू बरी आहेस हे वाचून बरं वाटलं. विचारायचं राहिलं, माफ कर.

तीन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलं. जेवण उभ्यानेच. कॉर्नेलच्या ९६ धावा, त्यांतल्या ५४ कामाच्या. शंभरात छप्पन्न. लॅन्ट्झच्या ३८, कामाच्या १४. शंभरात सदतीस. आणि हे बघ, लॅन्ट्झच्या तीन लांब धावा, ८१, ६८ आणि ५९, बाजूला काढल्या तर उरलेल्या पस्तीस धावांना सरासरी अडीच यार्ड. मी चारदा तपासलं. मग शेजारच्या बाईकडून आकडेमोडीच्या यंत्रावर तपासून घेतलं. ती म्हणाली, "मिस्टर वारगो, इतकी भीती टॅक्सवाल्यांचीही वाटत नाही."

तसाच कागद घेऊन पेलुसीकडे गेलो. तो शिट्टी गळ्यात घालून सँडविच खात होता.

"एमिल, हे काय? वीज बिल?"

"बघ तर खरं."

त्याने बघितलं. मग म्हणाला, "लोक तिकीट काढून येतात ते ऐंशी यार्ड बघायला. तीन यार्ड बघायला नाही."

"हरायला येतात का?"

"तू नोंद ठेव. संघ मी ठेवतो."

मी जिना उतरलो, पण हरलो नाही. काल संध्याकाळी चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, विकत होते तेव्हा लॉरेटा रांगेत भेटली. तिला सांगितलं की माझी भाची कॉलेजात आहे आणि आम्ही प्रयत्न करतोय. ती म्हणाली, "मिस्टर वारगो, आशा लावायची असेल तर पूर्ण लावा. अर्धी लावून मागे फिरणारे खूप झाले." मी पूर्ण लावली आहे.

आता सगळ्यांत मोठी गोष्ट. माझ्या खुणांवरून काढलं तर कॉर्नेलच्या ३.९ पैकी ३.१ यार्ड पहिला हात लागल्यानंतरचे आहेत. म्हणजे फळी त्याला काहीच देत नाही, सगळं तो स्वतः ओढून काढतो. हा आकडा तुमच्या कोचना आधी दाखव. पानं सोबत आहेत. कोपरे दुमडले असतील तर सांभाळून घे.

मामा


१७ ऑक्टोबर १९९४

एमिलमामा,

पानं मिळाली. कामाच्या धावांचा तक्ता फार सुरेख झालाय. मी इथल्या आकडे मांडणाऱ्या मुलांना दाखवला आणि म्हटलं, हे माझ्या एकाहत्तर वर्षांच्या मामाने पेन्सिलने केलंय, तुम्ही संगणक बंद करा.

३.१ चा आकडा तू म्हणालास म्हणून कोचना लगेच दिला. त्यांनी त्याखाली दोनदा रेघ मारली. म्हणाले, असा पोरगा दहा वर्षांत एकदा मिळतो.

पण नंतर मी पानं नीट बसून वाचली आणि एक गोष्ट मला सुटत नाही. तू प्रत्येक धावेपुढे बाण काढतोस, माडीच्या बाजूला की पलीकडे. माडीच्या बाजूच्या ५१ धावांत तुझी खूण कुठे एक यार्डावर, कुठे चारवर, कुठे रेषेच्या मागे. आणि पलीकडच्या ४५ धावांत ४३ वेळा खूण बरोबर त्याच रेषेवर, जिथून खेळ सुरू झाला. एक इंच पुढे नाही की मागे नाही.

आधी वाटलं, फळीत उजवीकडचा कुणी पोरगा कच्चा असेल. पण पाव खेळ झाला की संघ बाजू बदलतात, मग तोच पोरगा अलीकडे यायला हवा. मग वाटलं, तुमच्या मैदानाची पलीकडची बाजू चिखलाची असेल. पण परगावच्या मैदानांवरही तेच आहे. तिथे पलीकडे काय होतं, मामा? तूच सांगू शकशील. कोचनी पुढे काही करण्याआधी सांग.

पॉला


२७ ऑक्टोबर १९९४

मामा,

दहा दिवस झाले. फोन केला तर तू पाच मिनिटं पानगळीबद्दल बोललास आणि दूध उतू जातंय म्हणून ठेवून दिलास. तू दूध पीत नाहीस.

मी रागावलेली नाही. पण कोच त्या मुलाबद्दल दुसऱ्यांशी बोलायला लागलेत. मला खरं काय ते कळलं पाहिजे.

पॉला


१ नोव्हेंबर १९९४

प्रिय पॉला,

पलीकडे काहीच होत नाही. पलीकडे मला दिसत नाही.

एप्रिलपासून तसं आहे. मैदानाच्या मध्यापर्यंत पोरं पोरांसारखी दिसतात, त्यापुढे वाफेत हलणारे डाग. डॉक्टर म्हणाला मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि ऑपरेशन अर्ध्या तासाचं आहे. मला त्या अर्ध्या तासाची भीती वाटते, म्हणून मी उन्हाळा काढला, मग शाळा सुरू झाली, मग सामने. कुणी किती यार्ड नेले हे माईकवाला मोठ्याने सांगतो, कितवा प्रयत्न आणि किती हवेत तेही सांगतो, ते मी ऐकून लिहीत होतो. पहिला हात कुठे लागला हे मात्र कुणी सांगत नाही. पहिल्या सामन्यात मी त्या जागा कोऱ्या ठेवल्या. पेलुसी पान बघून म्हणाला, "एमिल, भोकं पडलीत तुझ्या कागदाला." दुसऱ्या सामन्यापासून मी खूण रेषेवरच करायला लागलो, आणि पहिल्यातली भोकंही तशीच बुजवली. मनाशी म्हटलं, कुणी बघत नाही. मग तू बघितलंस.

दहा दिवस मी गप्प होतो ते लाजेने. आणि भीतीनेही, की आता सांगितलं तर पोराची जागा माझ्यामुळे जाईल. पण नुसतं कबूल करून काही दुरुस्त होत नाही, म्हणून आधी दुरुस्त केलं आणि आता लिहितोय.

मागच्या मंगळवारी पेलुसीकडे गेलो. नवव्या सामन्यात त्याच्या लॅन्ट्झला एक यार्ड हवा असताना तीनदा अडवलं आणि आपण हरलो, त्यामुळे तो आधीच खचलेला होता. मी डोळ्यांचं सांगितलं.

"किती दिवस?"

"एप्रिलपासून."

"मला ऑगस्टपासून माहीत आहे," तो म्हणाला. "मी पलीकडून हात केला आणि तू निशाणाच्या खांबाला हात केलास."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला खुर्ची सोडायची नव्हती. मला तुला उठवायचं नव्हतं. दोघेही भित्रे."

मी सामन्यांच्या टेप मागितल्या. दर शनिवारी सकाळी तो पुढच्या संघाच्या कोचला अर्ध्या वाटेवरच्या खाणावळीत भेटतो आणि दोघे टेपांची अदलाबदल करतात. त्यामुळे अर्ध्या टेपा गावोगाव गेलेल्या. त्याने फोन केले. मी बसने तीन गावं फिरलो आणि सहाही सामने गोळा करून आणले.

मग अडचण अशी की टीव्हीला नाक लावलं तर मला दिसतं, पण नाक लावलं तर पूर्ण पडदा दिसत नाही. दुसरे डोळे हवे होते. लॉरेटाला बोलावलं असतं तर लोक म्हणाले असते, आईच ती. म्हणून मी बड लॅन्ट्झला फोन केला. ट्रेव्हरचा आजोबा. कारखान्यातल्या संपापासून सोळा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

दारात येऊन म्हणाला, "छप्पर कोसळलं का? मला का बोलावलंस?"

"डोळे हवेत."

"माझे?"

"माझ्यावर इतका राग असलेले दुसरे डोळे गावात नाहीत."

"तुझ्या त्या बिव्हन्सचं कौतुक करायला मी येणार नाही."

"म्हणूनच बोलावलं."

तो कोट न काढता बसला. चार दिवस येत होता. दुसऱ्या दिवशी कोट काढला. तिसऱ्या दिवशी बरोबर डोनट आणले, आणि सगळे स्वतःच खाल्ले. तो बोलायचा, मी लिहायचो.

"लागला हात."

"कुठे?"

"रेषेच्या पुढे तीन."

"तीन? परत लाव."

"तीन म्हणजे तीन. मी काय बिव्हन्सचा मावसा आहे खोटं सांगायला?"

चौथ्या दिवशी शेवटची टेप संपली तेव्हा तो गुडघे चोळत उठला. मग म्हणाला, "आमच्या पोराला मोकळी वाट मिळाली तर तो कुणाच्या बापाला सापडत नाही. नाही मिळाली तर कपाटावर आपटलेल्या पाहुण्यासारखा उभा राहतो. हे मी सांगितलं असं त्याच्या आईला सांगू नकोस."

आता खरे आकडे लिही. कॉर्नेलचे पहिला हात लागल्यानंतरचे यार्ड ३.१ नाहीत, १.९ आहेत. पलीकडच्या बाजूला फळी त्याला सरासरी अडीच यार्ड मोकळे देत होती आणि मी ते सगळे पुसून टाकत होतो. ज्यांच्यासाठी ही खूण सुरू केली त्यांचेच यार्ड मी चोरले, पॉला. हे मला डोळ्यांपेक्षा जास्त लागलं.

कामाच्या धावा मात्र ५४ च्या ५३ झाल्या. एका ठिकाणी माईकवाल्याने तिसऱ्या प्रयत्नाला दुसरा म्हटलं होतं. बाकी एकही हलली नाही. तिथे साखळी घेऊन मोजणारे पंच होते, माझे डोळे नव्हते. तिसऱ्या किंवा चौथ्या प्रयत्नात दोन यार्ड किंवा कमी हवे असताना त्याला एकवीस वेळा चेंडू दिला, सतरा वेळा काढले.

शेवटच्या सामन्यात पेलुसीने त्याला तेवीस वेळा चेंडू दिला. आपण जिंकलो. त्या सामन्याची नोंद मी केली नाही, शाळेतल्या बँड शिकवणाऱ्या बाईंनी केली. मी शेजारी बसून त्यांना खूण कशी करायची ते सांगितलं.

तुमच्या कोचना सांग, पहिला आकडा चुकीचा होता आणि तो मी दिला. तुझं नाव त्यात येऊ देऊ नकोस.

मामा


५ नोव्हेंबर १९९४

एमिलमामा,

आकडा तू दिलास, पण न तपासता पुढे मी दिला. त्यामुळे नाव माझंही आलं आणि ते बरोबरच आहे. कोच दहा मिनिटं बोलले, त्यातलं तुला लिहिण्यासारखं काही नाही. १.९ साधारण आहे, अशी वीस पोरं मिळतात, असं म्हणाले. मी तुझं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर आले.

दुपारी त्यांनी बोलावून विचारलं, "यातला कुठला आकडा त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून नाही?"

मी दोन्ही दाखवले, ९६ मध्ये ५३ आणि २१ मध्ये १७. त्यांनी ते वेगळ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून घेतले. मग पेलुसींना फोन करून दोन टेपा मागवल्या. काल रात्री घरी नेऊन बघितल्या.

आता उत्तर ऐक, आणि बसून ऐक. पूर्ण जागा नाही. ती दहा वर्षांत एकदा मिळणाऱ्या पोरासाठी होती. अर्धी जागा आहे. शिकण्याचा खर्च कॉलेज करील, राहण्याजेवणाचा त्याचा त्याने. ऑगस्टमध्ये आणखी तिघांबरोबर मैदानावर उतरायचं, चौघांतला एक राहील तो पुढच्या वर्षी पूर्ण जागेवर. बाकीचे तिघे पेपरात त्याच्या कितीतरी पुढे आहेत. हो की नाही ते १० तारखेच्या आत हवं. लॉरेटाला आणि कॉर्नेलला हे तूच सांग. आणि डोळ्यांचं काय ते मला सांग.

पॉला


८ नोव्हेंबर १९९४

प्रिय पॉला,

पत्र सकाळी आलं. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दुपारी शाळा सुटल्यावर चालत लॉरेटाकडे गेलो. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. पूर्ण जागा मीच दाखवली होती आणि मीच अर्धी केली, हे तोंडाने सांगायचं होतं.

लॉरेटा कामावरून नुकतीच आली होती, पायातले बूटही निघाले नव्हते. कॉर्नेल टेबलाशी कसलासा गृहपाठ करत होता. मी सगळं सांगितलं. डोळे, खुणा, ३.१ चे १.९, बड लॅन्ट्झ, सगळं. मला वाटलं, आता लॉरेटा दार दाखवील. ती म्हणाली, "पूर्ण आशा लावा म्हटलं होतं मी तुम्हाला. अशी लावतात?"

मी म्हटलं, "चुकलो."

मग कॉर्नेल बोलला. इतक्या वर्षांत त्याला मी एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मिस्टर वारगो, ते तीन यार्ड माझे नव्हतेच. पहिली दोन पावलं मला कुणी हात लावत नाही. फळीतल्या पोरांनी तो कागद वाचला असता की सगळं मी एकट्याने ओढतो, तर सोमवारी मला सरावात एकट्याने ओढायला लावलं असतं."

"मग आता?"

"किती जण आहेत म्हणालात?"

"तुझ्यासकट चार."

"आणि किती राहणार?"

"एक."

त्याने वही मिटली. "तिसऱ्या प्रयत्नाला एक यार्ड हवा असतो तेव्हा समोर अकरा असतात. इथे तीनच आहेत." मग आईकडे बघून म्हणाला, "राहण्याजेवणाचं मी उन्हाळ्यात गोदामात काम करून बघतो. माझ्या मामीच्या गाडीने जाईन."

लॉरेटा म्हणाली, "मामीच्या गाडीला उलटा गिअर नाही."

"मला पुढेच जायचंय."

ती हसली नाही, पण उठून तिने माझ्यासमोर सूप ठेवलं. तेव्हा कळलं की उत्तर हो आहे. दोघांच्या सह्यांचं पत्र सोबत आहे. आज संध्याकाळच्या टपालात टाकून मी पोस्टात उभं राहून बघणार आहे की ते थैलीत गेलं. शिवाय उद्या सकाळी नऊ वाजता लॉरेटा धोबीखान्यातून तुझ्या कोचना फोन करील, कागद हरवला तर तोंडी हो असावं म्हणून.

माझं ऑपरेशन जानेवारीत आहे, आधी डावा, मग उजवा. बड घेऊन जाणार आहे. म्हणतो, "तू खुर्चीतून उडी मारून पळालास तर कुणीतरी पकडायला हवं." भीती वाटते, पण तारीख लिहून दिली आहे, आता मागे फिरणार नाही. ऑगस्टमध्ये त्या चौघांचा सराव बघायला येईन. तू मैदानात कुठल्याही बाजूला बसव, मला चालेल.

फक्त एक कर. कोचनी सही केली की त्याच दिवशी कळव. कागद पोचला का, फोन लागला का, त्यांचं मन बदललं तर नाही ना, नुसतं एका ओळीत लिहिलंस तरी पुरे. पत्राला वेळ लागत असेल तर फोन कर, मी या आठवड्यात दुधाचं नाव काढणार नाही. लवकर कळव, पॉला. इथे तीन घरांत वाट बघतायत आणि त्यांतलं एक लॅन्ट्झचं आहे.

तुझा,
एमिलमामा